जमीन चार बोटे वर

डेडलिफ्ट शिकायला आलेल्याला पहिल्या दिवशी मिळणारा बार वजनाने सर्वांत हलका असतो आणि पकडायला सर्वांत अवघड. विधान उफराटे वाटते, पण मोजपट्टी लावली की पटते. आंतरराष्ट्रीय पॉवरलिफ्टिंग महासंघाच्या नियमांप्रमाणे स्पर्धेचा बार २० किलोचा असतो आणि त्यावरच्या सर्वांत मोठ्या प्लेटचा व्यास ४५ सेंटिमीटर. प्लेट जमिनीवर टेकलेली असताना बारचा मध्य जमिनीपासून साडेबावीस सेंटिमीटरवर येतो. दोनशे किलो उचलणारा तेवढाच वाकतो, कारण त्याच्या बारवर मोठ्या प्लेटा असतात. नवशिक्याच्या बारवर मात्र दोन्ही बाजूंना दहा-दहा किलोच्या साध्या लोखंडी प्लेटा चढतात. त्यांचा व्यास ३० सेंटिमीटरच्या आसपास असतो, म्हणून बार जमिनीपासून जेमतेम १५ सेंटिमीटरवर राहतो. फरक सात-साडेसात सेंटिमीटरांचा, म्हणजे साधारण चार बोटांचा. ज्याचे शरीर अजून वाकायला शिकलेले नाही त्यालाच आपण चार बोटे जास्त वाकायला लावतो, आणि मग त्याची पाठ गोल झाली की त्याला ओरडतो. या पुस्तिकेचे म्हणणे एवढेच आहे की नवशिक्याच्या बहुतेक चुका या चार बोटांत जन्माला येतात. सूचनांची यादी वाढवून त्या जात नाहीत. बारची उंची बदलली की जातात.

जबलपूरच्या मराठी वाचकापुढे हे मांडताना फार समजावून सांगावे लागू नये. या शहराचा इतिहासच जड वस्तू हलवण्याचा आहे. १८७० मध्ये मुंबईकडून आणि कलकत्त्याकडून आलेले रूळ इथे जुळले. १९०४ पासून इथे तोफगाड्यांचा कारखाना आहे, पुढे खमरियाचा दारूगोळ्याचा कारखाना आला आणि मग लष्करी ट्रक बनवणारा वाहन कारखाना. नागपूरच्या भोसल्यांच्या अमलापासून १९५६ पर्यंत, म्हणजे राज्यांच्या पुनर्रचनेपर्यंत, जबलपूर आणि नागपूर बहुतेक काळ एकाच राजवटीत राहिले. इथल्या कितीतरी मराठी घरांची एक पिढी तरी या कारखान्यांत किंवा रेल्वेत गेली. कारखान्यात काम केलेल्या माणसाला ठाऊक असते की जड जॉब जमिनीवर ठेवून कोणी काम करत नाही. तो क्रेनने किंवा चेनपुलीने कामाच्या उंचीवर आणतात, आणि यंत्र खुजे पडले तर त्याच्याखाली बैठक घालतात. माणसाला यंत्राच्या उंचीला वाकवणे ही तिथे चूक समजली जाते. त्याच घरातला मुलगा संध्याकाळी जिममध्ये गेला की मात्र जमीन हे अंतिम सत्य ठरते, आणि ती जिथे आहे तिथपर्यंत त्याने पोचलेच पाहिजे असा आग्रह सुरू होतो.

उंचीने एवढा फरक का पडतो, हे समजायला थोडी यांत्रिकी लागते. इथल्या मदनमहालच्या टेकडीवरचा बॅलन्सिंग रॉक १९९७ च्या भूकंपातही जागचा हलला नाही, कारण त्याच्या वजनाची रेषा त्याच्या लहानशा टेकूच्या आतच पडते. डेडलिफ्टमध्ये हा टेकू म्हणजे पावलाचा मध्य, आणि बार व शरीर यांच्या एकत्रित वजनाची रेषा तिथेच पडावी लागते. बार जड होत जातो तसा तो स्वतःच त्या रेषेवर यायला बघतो. पुढे ठेवलेला बार सुटताना मागे नडगीकडे झुकतो किंवा माणसाला चवड्यावर ओढतो, ते यामुळेच. दुसरी गोष्ट अंतराची. वजन पाठीला किती भारी पडेल ते किलोवर जेवढे अवलंबून असते तेवढेच बार खुब्याच्या सांध्यापासून आडव्या रेषेत किती लांब आहे यावर असते. खुब्यापासून २५ सेंटिमीटरवर असलेला ६० किलोचा बार ३५ सेंटिमीटरवर गेला, तर खुब्याला तो ८४ किलोचा वाटतो. प्लेट एकही वाढलेली नसते. धडाचे स्वतःचे वजन या हिशेबात धरलेलेच नाही, आणि धड जितके आडवे होते तितके तेही लांबवर लटकू लागते. बार चार बोटे खाली गेला की नेमके हेच घडते: धड अधिक आडवे होते, खुबा मागे सरकतो, अंतर वाढते.

शिवाय खुब्याची वाकण्याची मर्यादा असते. मांडीच्या मागचे स्नायू वरून ओटीच्या हाडाला आणि खालून गुडघ्याच्या खाली जोडलेले असतात. दिवसभर खुर्चीवर बसणाऱ्या माणसात ते खुब्याला एका ठरावीक कोनापुढे वळू देत नाहीत. ती मर्यादा आली आणि बार अजून खाली असला, तर उरलेले वाकणे कुठून तरी आणावेच लागते, आणि ते कंबरेच्या मणक्यांतून येते. अशा वेळी ट्रेनर म्हणतो, ‘कमर सीधी रख, सीना बाहर.’ सूचना चुकीची नाही. त्या उंचीवर ती पाळता येण्यासारखी नसते, एवढाच तिचा दोष. मुलगा छाती पुढे काढतो, मग कंबर उलट्या बाजूने पोकळ होते, खुबे खाली बसतात, गुडघे बारच्या पुढे येतात, आणि उचलताना बार गुडघ्याला अडतो. मग खुबे एकदम वर उडतात आणि पाठ पुन्हा गोल. एका उंचीतून निघालेल्या या तीन-चार चुकांना आपण तीन-चार वेगळे उपचार सांगतो. या भानगडीत भर म्हणून माणसामाणसाच्या हाडांची मापेही वेगळी. सारख्याच उंचीच्या दोघांत एकाची मांडी लांब आणि हात आखूड असतील तर त्याला तोच बार खोल विहिरीत असल्यासारखा वाटेल, आणि दुसऱ्याला हाताशी आलेला. दोघांना एकच ‘योग्य आसन’ शिकवणारे चित्र भिंतीवर लावून काही साधत नाही.

मग आपली उंची कशी ओळखायची? सोपी चाचणी आहे. झाडूचा दांडा पाठीला उभा लावायचा, असा की तो डोक्याचा मागचा भाग, खांद्याच्या पात्यांमधली जागा आणि माकडहाड या तिन्ही ठिकाणी टेकेल. गुडघे किंचित सैल ठेवून ढुंगण मागे ढकलत पुढे वाकायचे. एखादा दुसरा माणूस किंवा बाजूला ठेवलेला मोबाइल हे बघेल की दांडा कुठल्या क्षणी माकडहाडावरून सुटतो. त्याच्या थोडे आधी थांबून गुडघे बार पकडण्यापुरते मोडले असता हात जिथे लोंबतात, ती सध्या त्या माणसाची जमीन. बार तिथे आणायचा. जाड रबरी मॅट, आडव्या ठेवलेल्या जुन्या प्लेटा, सुताराकडून कापून आणलेल्या फळ्या, काहीही चालेल. दोन्ही बाजूंची उंची सारखी असावी आणि प्लेट गडगडू नये, एवढ्याच अटी. शरीर मोकळे होईल तसतशी एक-एक फळी काढायची. वजन आणि उंची यांपैकी एका वेळी एकच बदलायचे, हा नियम मात्र कडक पाळावा. दोन्ही एकदम बदलले की नंतर बिघडले कशाने ते कळत नाही.

उंची जमल्यावर उरलेले तंत्र आश्चर्य वाटावे इतके थोडे आहे. मराठी मल्लविद्येत कुठल्याही डावाआधी पवित्रा असतो, आणि वस्ताद पोराला पहिले कित्येक दिवस पवित्र्यावरच ठेवतो. डेडलिफ्टमध्येही बार सुटण्याआधीचे काही सेकंदच सगळे ठरवतात. पाय खुब्याच्या रुंदीइतके, बार पावलाच्या मध्यावर; म्हणजे उभे राहून पाहिले तर तो नडगीपासून दोन-तीन सेंटिमीटर पुढे दिसतो. गुडघे न मोडता खुब्यातून वाकून बार पकडायचा, मग नडगी बारला टेकेपर्यंत गुडघे पुढे आणायचे. या वेळी बार तसूभरही हलवायचा नाही; बहुतेक जण इथेच तो पायाने पुढे ढकलतात. आता काखा आवळायच्या, जणू काखेत वर्तमानपत्राची घडी धरली आहे, म्हणजे बार पायाशी चिकटून राहतो. पोटात श्वास भरून पोट चहूबाजूंनी ताठ करायचे. यानंतरची पायरी सर्वांत जास्त गाळली जाते: बार उचलायच्या आधी त्यातला ढिलेपणा काढून घ्यायचा. बार आणि प्लेटच्या भोकात थोडी फट असते; हळूच ताण दिला की लोखंडाचा टक असा आवाज येतो आणि हात, पाठ, मांडी सगळे एका दोरीत आल्यासारखे ताठ होतात. तिथून पायाने जमीन खाली दाबायची. खांदे आणि खुबे सोबत वर आले पाहिजेत. वर पोचल्यावर सरळ उभे राहणे पुरेसे आहे. मागे रेलून दाखवण्याने गुण मिळत नाहीत, कंबर मात्र दुखते. खाली आणताना आधी खुबा मागे, बार गुडघ्याखाली गेल्यावरच गुडघे. प्रत्येक खेपेला बार पूर्ण थांबवून पुन्हा पवित्रा घ्यायचा. उसळवून मारलेल्या पाच खेपांत नवशिक्या पवित्रा एकदाच शिकतो, थांबून मारलेल्या पाचांत पाच वेळा.

आता आक्षेपांकडे. पहिला आणि सर्वांत अभ्यासू आक्षेप असा की पाठ गोल होण्याचा एवढा बाऊ कशाला. जर्मनीत विल्के आणि सहकाऱ्यांनी एका व्यक्तीच्या कंबरेच्या चकतीत दाबमापक बसवून मोजणी केली, ती १९९९ मध्ये प्रसिद्ध झाली. सैल उभे असताना चकतीतला दाब ०.५ मेगापास्कल होता. सुमारे २० किलोचे ओझे पाठ गोल करून उचलताना तो २.३ झाला, गुडघे मोडून उचलताना १.७, आणि तेच ओझे अंगाशी धरून उभे राहिल्यावर १.१. हे आकडे जिमच्या भिंतींवर लावण्यासारखे आहेत, पण त्यांना त्यांच्या लायकीपेक्षा मोठे करू नये. मोजणी एकाच माणसाची आहे, आणि दाब वाढणे म्हणजे इजा होणे नव्हे. उलट बाजूने २०२० मध्ये सारासेनी आणि सहकाऱ्यांनी तोवरच्या अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला. उचलताना कंबर जास्त वाकणे आणि कंबरदुखी यांचा संबंध त्यांना आढळला नाही. हाती असलेला पुरावा कमी प्रतीचा आहे, हेही त्यांनी सांगितले. शिवाय सरळ दिसणाऱ्या पाठीतही डेडलिफ्टच्या वेळी मणके बऱ्यापैकी वाकलेले असतात, हे मोजणीत दिसून आले आहे. अमेरिकेतला बॉब पीपल्स तर १९४० च्या दशकात पाठ मुद्दाम गोल ठेवून विक्रम करत होता. तेव्हा गोल पाठ म्हणजे हमखास अपघात, असे सांगून नवशिक्याला घाबरवणे खोटेपणाचे होईल, आणि भीतीने आखडलेला माणूस उचलतोही वाईटच.

पण या आढाव्याने आपला मुद्दा खोडला जात नाही, कारण मुद्दा इजेच्या भाकितावर उभा नाही. पीपल्सची पाठ सुरुवातीपासूनच गोल असे. तो आकार त्याने निवडला होता आणि वर्षानुवर्षे कमावला होता. नवशिक्याची पाठ उचलताना मध्येच ढळते. ढळली की खुब्यापासूनचे अंतर बदलते, बार पुढे जातो, आणि पुढच्या खेपेला तीच हालचाल पुन्हा करता येत नाही. जी हालचाल दर वेळी वेगळी होते तिच्यावर वजन वाढवता येत नाही, कारण वाढवायचे कशावर हेच ठरलेले नसते. अंगाशी धरलेले तेच ओझे निम्म्याहून कमी दाबाचे होते, हा विल्केच्या मोजणीतला भाग तर कुठल्याही आढाव्याने हललेला नाही. बार जवळ ठेवायचा हे सूत्र त्यावरच उभे आहे, आणि बार जवळ ठेवणे योग्य उंचीवरच जमते.

दुसरा आक्षेप जिममधल्या जुन्या मंडळींचा: फळीवरून उचललेला बार म्हणजे अर्धी डेडलिफ्ट, ती मोजायचीच नाही. स्पर्धेपुरते हे खरे आहे. पण स्पर्धेचा साडेबावीस सेंटिमीटरचा आकडा प्लेटच्या व्यासातून आला आहे, कुणाच्या मांडीच्या लांबीतून नाही. १९८५ मध्ये अमेरिकेच्या लमार गँटने ६० किलो वजनगटात ३०० किलो उचलले, शरीराच्या वजनाच्या पाचपट. त्याच्या कण्याला वाक होता, धड आखूड आणि हात लांब; त्याची बोटे उभ्यानेच गुडघ्याच्या आसपास पोचत. नियमाच्या पुस्तकात त्याचा बार इतरांइतक्याच उंचीवर होता, त्याच्या शरीराच्या हिशेबात तो कितीतरी वर होता. त्याची डेडलिफ्ट अर्धी होती असे कोणी म्हणत नाही. निसर्गाने त्याला दिलेली सवलत लांब मांडीच्या नवशिक्याला फळीने तात्पुरती दिली, तर त्यात लबाडी कसली? ज्याच्या आत उभे राहून उचलायचे त्या षटकोनी बारचे हातधरे बहुधा उंच ठेवलेले असतात ते याच समजुतीने. २०११ मध्ये स्विंटन आणि सहकाऱ्यांनी पॉवरलिफ्टरांवर केलेल्या प्रयोगात षटकोनी बारने कंबरेवर आणि खुब्यावर येणारा कमाल भार सरळ बारपेक्षा कमी आढळला. तिथे वजन दोन्ही हातांच्या मधोमध, अंगाच्या रेषेत येते. अंतर कमी झाले की भार कमी होतो, याची ती प्रयोगशाळेतली साक्ष. या आक्षेपात एक खरी गोष्ट मात्र आहे. फळीवरच कायम राहिलेल्या माणसाची खालच्या चार बोटांतली ताकद वाढत नाही, आणि फळीवर वजन लवकर वाढते म्हणून अहंकार वाढतो. फळी काढण्याचा दिवस ठरलेला नसेल तर ती लवकरच सवलतीऐवजी सवय होते.

तिसरा आक्षेप घरातून येतो. स्टेशनवरचा हमाल कुठल्या जिममध्ये गेला होता? आजोबा जोर-बैठका मारत, त्यांची कंबर नव्वदीतही ताठ होती. हमालाचे उदाहरण नीट पाहिले तर ते आपल्याच बाजूचे निघते. अनुभवी हमाल जमिनीवरचे पोते एकट्याने क्वचितच उचलतो. ट्रकच्या फाळक्यावरून, म्हणजे छातीच्या उंचीवरून, ते पाठीवर घेतो. जमिनीवर असेल तर दुसऱ्याचा हात लावून चढवून घेतो. वाहणे त्याचे एकट्याचे, जमिनीवरून सुटणे दोघांचे. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १९६७ च्या शिफारशीत प्रौढ पुरुषाने एकट्याने वाहायच्या ओझ्याला ५५ किलोची मर्यादा सुचवली, आणि आपल्या १९४८ च्या कारखाना कायद्याच्या ३४ व्या कलमाने इजा होईल एवढे ओझे उचलायला लावण्यास मनाई केली. ओझ्याने मोडलेल्या कंबरा समाजाने पाहिल्या, म्हणून हे कायदे आले. हमालांना काही होत नाही ही समजूत त्यांच्या पाठी न पाहिलेल्यांची आहे. जोर-बैठकांबद्दल आदर ठेवूनच सांगायला हवे की जोर मारण्यात ढकलणे आहे, बैठकीत गुडघ्याचे काम आहे, जमिनीवरून ओझे खेचण्याची क्रिया दोन्हींत नाही. बडोद्याला दत्तात्रय चिंतामण मुजुमदारांनी व्यायाम ज्ञानकोशाचे दहा खंड मराठीत उभे केले, तेव्हा देशी-विदेशी हा भेद आड येऊ दिला नव्हता. त्या परंपरेच्या नावाने बारला नाक मुरडणे त्या परंपरेलाच शोभत नाही.

पट्टा, हातमोजे, महागडे बूट यांविषयी फार लिहिण्यासारखे नाही. पट्टा पोटाला दाबायला भिंत देतो. ज्याला पोट दाबताच येत नाही त्याला तो काही देत नाही. जाड फोमच्या तळव्याचे पळायचे बूट काढून अनवाणी किंवा सपाट कॅनव्हासच्या बुटांत उचलावे, कारण मऊ तळवा पावलाचा मध्य सापडू देत नाही. श्वास रोखण्याबद्दल मात्र सावध राहावे. १९८५ मध्ये मॅकडूगल आणि सहकाऱ्यांनी शरीरसौष्ठवपटूंच्या धमनीत थेट मोजणी केली, तेव्हा दोन्ही पायांनी वजन रेटताना रक्तदाब सरासरी ३२०/२५० पर्यंत गेला होता. निरोगी तरुण धमन्या हे क्षणभर सोसतात. रक्तदाबाचा, हर्नियाचा किंवा सरकलेल्या चकतीचा त्रास असलेल्याने पुस्तिकेचे पुढचे पान उलटण्याआधी डॉक्टरांना विचारावे, आणि हलक्या वजनात वर जाताना श्वास सोडत राहावा.

पूर्ण व्यासाच्या पाच-दहा किलोच्या रबरी प्लेटा मिळतात. त्या असतील तर सुरुवातीपासून बार स्पर्धेच्याच उंचीवर राहतो आणि फळ्या थोड्याच लागतात. पण त्या महाग पडतात आणि साध्या जिमने त्या घ्याव्यात असा आग्रह धरण्यात अर्थ नाही. दोन सेंटिमीटर जाडीच्या आणि प्लेट त्यांच्यावर बसेल एवढ्या रुंद आठ-दहा फळ्या कुठल्याही जिमच्या कोपऱ्यात मावतात. कडेला दोन पट्ट्या ठोकल्या की प्लेट घसरत नाही. कुणाची किती फळ्यांची उंची आहे ते खडूने भिंतीवर नावापुढे लिहिले, तर ट्रेनरला दर वेळी नव्याने शोधावे लागणार नाही. पहिली फळी कधी काढायची याची खूण पुढच्या प्रकरणात चित्रांसह दिली आहे: त्या दिवशीच्या सर्वांत जड पाच खेपा बाजूने चित्रित केल्या असता पहिल्या आणि पाचव्या खेपेत बार सुटतानाचा पाठीचा आकार एकच दिसला पाहिजे. सलग दोन आठवडे तसे दिसले की एक फळी काढायची, वजन तेवढेच ठेवायचे, आणि पुन्हा चित्रित करायचे.